डोकं उडालेला भडका

इल्का कौतुकाच्या बाबतीत भलती कंजूष बाई. विद्यार्थ्यानं राबराबून आणलेला आलेख ती उभ्या उभ्या बघायची, दोन चुका दाखवायची आणि "बरंय" म्हणून परत द्यायची. त्या एका "बरंय"वर पोरं आठवडाभर खूश असत. तिचा नवरा सिलार्द तेवढा अपवाद. दोघं सेगेद शहरातल्या खगोलसंस्थेत नुकती लागली होती, लग्नबिग्न अजून डोक्यातही नव्हतं, तेव्हा त्यानं फळ्यावर खडूनं एक नियम लिहून दाखवला होता आणि इल्का चक्क टाळी वाजवून म्हणाली होती, "वा! हे मला का नाही सुचलं?" सिलार्द त्यानंतरची सगळी वर्षं त्या वाक्याच्या उबेत जगला म्हटलं तरी चालेल.

म्हणून मे महिन्यातल्या त्या बैठकीत इल्कानं तशीच टाळी वाजवली, तसंच "वा!" म्हटलं, आणि ते नव्यानं आलेल्या पोरीकडे, चेंगेकडे बघून म्हटलं, तेव्हा त्याच्या तोंडातली कॉफी एकदम कडू झाली.

विषय होता सिक्राचा. सिक्रा म्हणजे ठिणगी. बुटांच्या खोक्याएवढा उपग्रह, आत तळहाताएवढा आरसा आणि एक कॅमेरा. काम एकच, लहान लाल तापट ताऱ्यांकडे टक लावून बसायचं. हे तारे एरवी इतके मंद असतात, की त्यांचा अतिनील प्रकाश गोळा करायला कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. पण त्यांचा काही भरवसा नाही. मध्येच एखादा असा भडकतो, की तेवढ्या वेळात सेन्सर तुडुंब भरून उतू जातो. मग फोटोत उरतो नुसता पांढरा डाग. तारा किती भडकला, शिखर कुठं गाठलं, काही म्हणजे काही कळत नाही. भडका सुरू होताच एक्स्पोजर, म्हणजे डोळा उघडा ठेवायचा वेळ, कमी करायला हवं. आणि ते वर कोण सांगणार? सिक्रा सेगेदच्या डोक्यावरून दिवसातून मोजक्याच वेळा जायची, तेही भुर्रकन. बाकी वेळ तिचं तिनंच ठरवायचं.

ते कसं ठरवायचं, हाच सिलार्दचा फळ्यावरचा नियम. लागोपाठ दोन फोटोंत तारा उजळ दिसला, तरच भडका समजायचा आणि एक्स्पोजर कापायचं. एका फोटोवर भिस्त नाही, कारण अवकाशातून भरकटत आलेला एखादा कण सेन्सरवर आदळला तरी तिथं झगझगीत ठिपका उमटतो. अशा प्रत्येक ठिपक्याला घाबरून एक्स्पोजर कापत बसलं, तर शांत ताऱ्याचा काही प्रकाशच हाती लागायचा नाही. सिक्रा वर गेल्यापासून या नियमावर चालत होती आणि तिनं कितीतरी भडके व्यवस्थित टिपले होते.

चेंगे हिवाळ्यात आली होती, ग्राझहून. तिशीच्या आतली, केस कात्रीनं स्वतःच कापल्यासारखे, बोलताना हातातल्या पेनानं हवेत चित्रं काढणारी. त्या बैठकीत ती एवढंच म्हणाली होती:

"कण आदळला तर एखादाच ठिपका पेटतो, नाहीतर ओरखडा उठतो. ताऱ्याचा प्रकाश मात्र पसरतो. माशाच्या रश्श्यावर तेलाचा थेंब असतो ना, तसा गोल. मग दुसऱ्या फोटोची वाट कशाला बघायची? पहिल्या फोटोतला आकारच बघू या ना. गोल असेल तर तारा. काप लगेच."

"वा!" इल्का म्हणाली. "हे आपल्याला का नाही सुचलं?"

संस्थेचे प्रमुख आंब्रुश सिलार्दकडे वळले. पिकलेल्या मिशांचा, कुणावर आवाज न चढवणारा माणूस. सगळे त्यांना 'आंब्रुश बाची' म्हणत, म्हणजे आंब्रुश काका. "सिलार्द, नियम तुझा. तुला काय वाटतं?"

"मी यावर विचार केला होता मागे," सिलार्द म्हणाला. "पण तेव्हाच्या प्रोसेसरला ते झेपलं नसतं."

"प्रोसेसर तर तोच आहे की," चेंगे म्हणाली. टोमणा नव्हता तो, ती खरंच गोंधळली होती. "मी हिशेब करून पाहिला. बसतं त्यात. जागाही उरते."

दोघंतिघं हसले. इल्काही हसली. सिलार्दही हसला, पण उशिरा.

*

जूनमध्ये दोघं नवराबायको बाल्कनीत बसून आंबट चेरीच्या बिया काढत होती. इल्काचे हात कोपरापर्यंत लाल.

"चेंगे म्हणत होती," तिनं सुरू केलं.

"काय म्हणत होती चेंगे?"

"असं काय विचारतोस? अजून बोलले पण नाही मी."

"तू रोजच बोलतेस. काल चेंगे म्हणत होती, परवा चेंगे म्हणत होती. मी म्हटलेलं एखादं सांग बघू."

इल्कानं त्याच्याकडे बघितलं आणि खळखळून हसली. "अगं बाई! जळतोयस तू. सिलार्द, ती आपल्या पुतणीच्या वयाची आहे."

"जळत बिळत नाही. घाई आवडत नाही मला, एवढंच. वर जाऊन दुरुस्त करता येत नाही ते यंत्र."

"घाई कोण करतंय? म्हणून तर शनिवारी जेवायला बोलावलंय तिला. तू रस्सा कर. निवांत बोला."

सिलार्दचा माशाचा रस्सा गल्लीत नावाजलेला होता. तीस्सा नदीतला मासा, भरपूर लाल मिरचीची पूड, आणि ढवळायचं नाही, भांडंच हलवायचं. चेंगे तीन वाट्या जेवली, चौथ्यांदा पावानं भांडं पुसून घेतलं, आणि मग इल्काला म्हणाली, "तुझा तो जुना लेख आहे ना, लाल ताऱ्यांच्या जुळ्या भडक्यांवरचा? त्यात तिसऱ्या आकृतीत एक अक्ष उलटा छापलाय."

"काय सांगतेस!"

"दाखवते." आणि तिनं फोनवर लेख उघडून दाखवला.

इल्का पोट धरून हसायला लागली. "इतकी वर्षं! इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही!"

तो लेख छपाईला जाण्याआधी शेवटचा तपासला होता सिलार्दनं. इल्काला ते आठवलंही नाही, आणि तिला आठवलं नाही हेच त्याला जास्त लागलं. तो उठून भांडी घासायला गेला. मागून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. काय बोलतायत ते नीट ऐकू येत नव्हतं, पण इल्काचा तो सूर त्याच्या ओळखीचा होता. भराभर, मध्येच तोडत, वाक्य पूर्ण न करता. एके काळी ती त्याच्याशी अशी बोलायची. आता त्याच्याशी बोलताना ती वाक्यं पूर्ण करायची.

*

ऑगस्टच्या अखेरीस इल्काच्या आयुष्यातला मोठा आठवडा होता. तिचा लाडका तारा, कॅटलॉगात नुसताच आकडा असलेला पण संस्थेत सगळे 'पाप्रिका', म्हणजे लाल मिरची, म्हणत तो, एकाच वेळी अनेक दुर्बिणी बघणार होत्या. चिलीतल्या दोन, एक मोठी अवकाशातली, आणि सिक्रा. अशी वेळ जुळवून आणायला इल्कानं किती जणांच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या, ते तिचं तिलाच ठाऊक.

"चेंगेचा नियम तोवर वर चढायला हवा," ती बैठकीत म्हणाली. "पाप्रिका फार झपकन चढते. दुसऱ्या फोटोची वाट बघत बसलो तर शिखर हुकेल."

वर काय पाठवायचं आणि काय नाही, हे सिलार्दच्या हातात होतं. त्याच्या होकाराशिवाय सिक्राला एक ओळही जात नसे. प्रयोगशाळेत टेबलावर सिक्राची जुळी बहीण होती, तोच प्रोसेसर, तोच सेन्सर. आधी सगळं तिच्यावर चालवून बघायचं, अशी शिस्त त्यानंच घातलेली.

त्यानं चेंगेला दोनदा परत पाठवलं. पहिल्यांदा दोन तारे जवळजवळ असतील तर गडबड होत होती, ते खरं होतं. दुसऱ्यांदा मेमरी साफ होत नव्हती, तेही खरं होतं. दोन्ही वेळा चेंगे मान डोलवून गेली आणि दुरुस्त करून आली. दुसऱ्यांदा तर म्हणाली, "बरं झालं तू पकडलंस. मला दिसलंच नसतं." तिनं चिडायला हवं होतं, असं त्याला वाटलं. चिडली असती तर सोपं गेलं असतं.

मोहिमेच्या आधीच्या शनिवारी तो एकटाच संस्थेत गेला. दुपार होती, इमारत सामसूम, बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यानं चेंगेचा नियम जुळ्या बहिणीवर चढवला आणि तिच्यावर जे जे म्हणून सोडता येईल ते सोडलं. कणांचा मारा, ओरखडे, खोटे भडके, खरे भडके, एकात एक मिसळलेले भडके. कुठंतरी चुकेल म्हणून तो वाट बघत बसला. ती चुकत नव्हती. पहिल्याच फोटोत ओळखत होती आणि पुढच्या फोटोला एक्स्पोजर कापत होती. शेवटी पडद्यावर हिरवी पट्टी आली, सगळं पास.

त्याला राग आला नाही. त्याहून वाईट काहीतरी झालं. हे काम देखणं आहे, हे त्याला कळलं. जे त्यानं खडूनं लिहायला घेतलं होतं ते तिनं पूर्ण केलं होतं, आणि ते बघताना त्याच्या मनात आलं, की इल्कानं हे पाहिलं की माझा फळा तिच्या आठवणीतून कायमचा पुसला जाईल. त्यानं संगणक बंद केला आणि घरी गेला.

सोमवारी आंब्रुश बाचींनी विचारलं, "काय, झाली चाचणी?"

"नाही जमलं," सिलार्द म्हणाला. "वेळच मिळाला नाही. घाईनं चढवायला नको. एवढ्या मोठ्या आठवड्यात यंत्र अडकलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

आंब्रुश बाचींनी मिशीवरून हात फिरवला. "इल्का?"

इल्कानं नवऱ्याकडे बघितलं. क्षणभर. "तो म्हणत असेल तर बरोबरच असेल," ती म्हणाली. "या गोष्टीत मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते."

टेबलाच्या टोकाला बसलेली चेंगे पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

*

पाप्रिका गुरुवारी भडकली.

सकाळी सिक्रा डोक्यावरून गेली, छपरावरचा अँटेना तिच्यामागे वळत गेला, आणि खाली खोलीत सगळे पडद्यासमोर दाटीवाटीनं उभे राहिले. आलेख ठिपक्या-ठिपक्यानं उमटायला लागला. बराच वेळ सपाट रेघ. मग रेघ एकदम वर उसळली, कुणीतरी ओरडलं, इल्कानं सिलार्दचं मनगट घट्ट धरलं. आणि रेघ वर जाता जाता आडवी झाली. सपाट. कुणी डोंगराचं डोकं सुरीनं कापून न्यावं तशी. नंतर एक्स्पोजर कापलं गेलं होतं, उतार छान आला होता, एकेक पायरी मोजावी असा. फक्त शिखर नव्हतं. पहिल्या फोटोत सिक्रानं वाट बघितली, दुसऱ्या फोटोत खात्री केली, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"बाकीच्यांना तर मिळालं असेल," कुणीतरी म्हणालं.

इल्कानं फोन लावले. भडक्याच्या वेळी चिलीत दिवस होता. अवकाशातली मोठी दुर्बीण त्या वेळी पृथ्वीच्या आडोशाला होती. तो भडका, तिनं आजवर पाहिलेला सगळ्यात मोठा, जगात एकट्या सिक्राला दिसला होता, आणि सिक्रानं तो असा टिपला होता.

इल्कानं मनगट कधी सोडलं ते सिलार्दला कळलं नाही. तिनं खुर्चीवरची पिशवी उचलली आणि निघून गेली.

सिलार्द कॉरिडॉरमध्ये येऊन खिडकीशी उभा राहिला. चेंगे त्याच्या मागोमाग आली.

"शनिवारी हिरवं आलं होतं," ती म्हणाली.

त्याचे कान तापले. "तुला कसं..."

"मी शेजारच्या खोलीत होते. मधल्या काचेतून पडदा दिसतो. तू तासन्‌तास मारा करत होतास तिच्यावर, मी बघत होते सगळं."

"मग सोमवारी बोलली का नाहीस?" तो जवळजवळ ओरडलाच. "समोर बसली होतीस! मी खोटं बोललो हे तुला माहीत होतं!"

"हो."

"मग?"

चेंगेचा चेहरा पांढरा पडला होता. "मला तुझा नियम आपटलेला बघायचा होता," ती म्हणाली. "एकदाच. सगळ्यांसमोर. ग्राझला सुद्धा सगळीकडे तेच, सिलार्दचा दोन फोटोंचा नियम, किती साधा, किती सुंदर. इथं आले तर इल्का पण तेच. तुला माहीत नाही ती तुझ्याबद्दल कसं बोलते. मी काहीही आणलं तरी शेवटी म्हणते, सिलार्दला दाखव. मला वाटलं, होऊ दे एखादा भडका. हुकू दे. लहानसा. मग कळेल सगळ्यांना." तिचा आवाज चिरकला. "लहान नव्हता तो."

इतके महिने जिच्यावर सिलार्द जळत होता, ती त्याच आगीत बसलेली होती, आणि त्याला त्याचा वासही आला नव्हता.

"चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"तिच्याकडे. दुसरं काय करणार?"

*

इल्का नदीच्या काठावरच्या पायऱ्यांवर बसली होती. दोघांना एकत्र येताना बघून तिला वाटलं सांत्वनाला येतायत, म्हणून तिनं हातानंच परत जा म्हटलं. ती दोघं तरीही समोर येऊन उभी राहिली, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखी. सिलार्दनं आपलं सांगितलं. काही लपवलं नाही. मग चेंगेनं तिचं.

इल्का ऐकत होती. एक मालवाहू होडी समोरून गेली, तिच्या लाटा पायरीवर येऊन आदळल्या.

"मी सोमवारी काय म्हणाले आठवतंय?" तिनं सिलार्दला विचारलं.

"आठवतंय."

"सगळ्यांसमोर म्हणाले मी ते."

"हो."

"आणि तू, चेंगे. तुला मी माझ्या घरी जेवायला घातलं."

चेंगेच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इल्का तिच्याकडे बघतही नव्हती.

"तुम्हाला काय वाटलं, मी काय आहे? जत्रेतलं बक्षीस? ज्याचा नेम लागेल त्यानं घेऊन जायचं?" ती उठली, स्कर्टवरची माती झटकली. "पाप्रिका आता पुन्हा अशी कधी भडकेल माहितीय? मला नाही माहीत. कदाचित मी मेल्यावर." चार पायऱ्या चढून ती थांबली. "मी माकोला चाललेय, बहिणीकडे. फोन करू नका. दोघंही."

सिलार्द तसाच संस्थेत परतला आणि आंब्रुश बाचींना सगळं सांगून मोकळा झाला. चेंगेचं नाव त्यानं घेतलं नाही. पण तासाभरात चेंगेही तिथं जाऊन आपलं सांगून आली. आंब्रुश बाचींनी दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावलं. आवाज चढवला नाही.

"चूक दोघांची, पण सही तुझी होती, सिलार्द. वर काय पाठवायचं ते यापुढे चेंगे ठरवेल. तुझं कामही तिच्या होकारानंच जाईल."

"बाची, असं नका करू," चेंगे म्हणाली. "मला नको."

"तुला नको म्हणूनच तुला देतोय. जा आता."

सिलार्दनं आजवर अपमान गिळले नव्हते असं नाही. पण त्या दिवशी वर संदेश पाठवायच्या खोलीची आपली किल्ली चेंगेच्या टेबलावर ठेवताना त्यानं तिच्याकडे बघायचंही टाळलं. शरमही होती आणि तिच्याखाली ती जुनी जळजळ, जशीच्या तशी, शरमेनं तिचं काही वाकडं केलं नव्हतं.

इल्का आठवडाभरानं आली. घरात बोलायची ती कामापुरतं. रस्सा केला तर मुकाट्यानं जेवायची.

*

चेंगेचा नियम सप्टेंबरात वर गेला आणि पहिल्याच आठवड्यात त्याची फजिती झाली. दक्षिण अटलांटिकवर एक पट्टा आहे, तिथं उपग्रहांवर कणांचा नुसता पाऊस पडतो. त्या पट्ट्यात इतके कण एकाच जागी आदळत, की ठिपक्याला ठिपका लागून गोल डाग तयार होई आणि सिक्राला वाटे, भडकला! ती घाबरून एक्स्पोजर कापायची, पुन्हा वाढवायची, पुन्हा कापायची. शांत ताऱ्यांची निरीक्षणं पार चिंध्या होऊन खाली आली.

बैठकीत चेंगे मान खाली घालून बसली होती. तिची सगळी गणितं फळ्यावर होती आणि त्यातलं एकही लागू पडत नव्हतं. सिलार्दला उत्तर दिसत होतं. त्या पट्ट्यापुरता जुना नियम, दोन फोटो. बाहेर आल्यावर नवा. इतकं सोपं. पण ते सांगायला त्याचं तोंड उघडेना. समोर बशीत खारी बिस्किटं होती. त्यानं एक उचललं आणि सावकाश खायला लागला. तिला घाम फुटलाय हे बघायला गोड वाटत होतं, खोटं कशाला बोला. मग त्याची नजर वर गेली. टेबलापलीकडून इल्का त्याच्याकडेच बघत होती. तिनं भुवया उंचावल्या नाहीत की काही नाही, नुसतीच बघत होती.

त्यानं घास गिळला. "पट्ट्यात माझा चालवा," तो म्हणाला. "बाहेर तिचा."

"अरे हो," आंब्रुश बाची म्हणाले.

सिलार्दनं ते दोन दिवसांत लिहून चेंगेच्या हवाली केलं. आता होकार तिचा.

"बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं. "बघतेय. जरा कामात आहे." त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्यांदा तो तिच्या खोलीत गेला, खुर्ची ओढून शेजारी बसला.

"चाचणी झालीय ना?"

"नाही अजून, म्हणजे..."

"चेंगे. हे कसं असतं ते मला कुणी शिकवायला नको. झालीय ना?"

तिचे कान लाल झाले. "काल," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "सगळं हिरवं."

"आणि कसं वाटलं?"

"वाईट," ती म्हणाली. "इतकं साधं. मला का नाही सुचलं, असं वाटलं."

आधी तिला हसू फुटलं की त्याला, ते नंतर दोघांनाही सांगता आलं नाही. पण ते हसू लवकर आवरेना. बाहेरून जाणारी सचिव दार उघडून डोकावून गेली. शेवटी चेंगेनं डोळे पुसले, पडद्यावर बटण दाबलं, आणि दुपारच्या फेरीला तो दोघांचा मिळून झालेला नियम वर गेला.

"तू अजून आवडत नाहीस मला," ती म्हणाली.

"मलाही तू," सिलार्द म्हणाला. आणि ते खोटं नव्हतं.

*

नोव्हेंबरात पाप्रिका पुन्हा भडकली. ऑगस्टच्या मानानं किरकोळच. पण या वेळी रेघ वर गेली, गेली, टोक गाठलं आणि पलीकडे उतरली. कुठं सपाटी नाही, कुठं डाग नाही. खोलीत टाळ्या वाजल्या. आंब्रुश बाचींनी कपाटातून पलिंकाची, फळांच्या कडक दारूची, बाटली काढली, सकाळ असूनही.

सिलार्द आणि चेंगे दोघंही इल्काकडे बघत होती. कुणाला काही म्हणेल का, म्हणाली तर कुणाला, हे दोघांच्याही मनात होतं आणि दुसऱ्याच्या मनात आहे हेही दोघांना कळत होतं.

इल्कानं कुणाकडेच पाहिलं नाही. ती पडद्याला नाक लावून बसली होती. "दोन टोकं आहेत," ती पुटपुटली. "हे बघा, शिखराला दोन टोकं. मधे खाच. म्हणजे एक भडका नाही हा, दोन... थांबा, कुणी बोलू नका. पेन. कुणीतरी पेन द्या."

चेंगेनं पेन दिलं. इल्कानं ते न बघताच घेतलं आणि लिहायला लागली. तिचं तोंड थोडं उघडं होतं, गालावर रंग चढला होता, आणि तिच्यासाठी त्या खोलीत तिच्याशिवाय दुसरं माणूसच नव्हतं. सिलार्दला हा चेहरा माहीत होता. त्या दिवशी फळ्यासमोर तिनं हा चेहरा आपल्याकडे बघून केला होता, असं तो इतकी वर्षं समजत होता.

"घ्या," चेंगे त्याच्या कानाशी म्हणाली. "आता त्या ताऱ्यावर जळायचं."

"तो फार लांब आहे," सिलार्द म्हणाला.

दोघांनी आपापले पेले रिकामे केले. मग सिलार्द खाली जाऊन कोपऱ्यावरच्या गाडीवरून इल्कासाठी जाडजूड पुरीसारखा तळलेला गरम लांगोश घेऊन आला, वर दाट साय आणि किसलेलं चीज घातलेला, आणि तिच्या कोपराशी ठेवला. ती लिहीतच होती. बऱ्याच वेळानं तिचा हात चाचपडत बशीपाशी आला, तोवर तो पार गार झाला होता. तरी तिनं तो सगळा खाल्ला.